इनडोअर वायफाय डिझाइनसाठी साइट व्हिजिट: निघण्याआधी काय करायचं, तिथे काय मोजायचं

'साइट बघून आलो' असं सांगणाऱ्याची वही उघडली, तर बऱ्याचदा तिच्यात मजल्यांची संख्या आणि 'अंदाजे इतके एपी' एवढंच सापडतं. मोबाईल हातात धरून कॉरिडॉरमधून एक चक्कर, चार-पाच फोटो, चहा आणि परत. मग डिझाइन ऑफिसात बसून अंदाजाने होतं, केबल ओढली जाते आणि अॅक्सेस पॉइंट, म्हणजे एपी, बसल्यावर महिनाभरात तक्रारी सुरू होतात. तेव्हा एपी हलवायचा तर फॉल्स सीलिंग उघडा, नवी केबल ओढा, आणि हा खर्च कुणी करायचा यावर वाद.

या चुकांचं मूळ बहुतेक वेळा एपीच्या मॉडेलमध्ये नसतं. व्हिजिटला जाताना प्रश्न बरोबर नेलेले नसतात, म्हणून उत्तरं मिळत नाहीत. साइटवर जायचं ते नकाशा जे सांगत नाही तेवढं आणायला: भिंत कशाची आहे, छताच्या वर काय आहे, केबल कुठून जाईल, कुठल्या वेळी किती माणसं असतात. एपीच्या जागा त्यातून आपोआप पुढे येतात.

उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातलं चार मजली, शंभरेक खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यापुढे ठेवू. वायफायच्या जवळजवळ सगळ्या अडचणी अशा एका इमारतीत भेटतात. शाळा, ऑफिस किंवा गोदाम असेल तर तपशील बदलतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १: गरज फोनवर आणि लेखी घ्या

हे काम साइटवर उभं राहून करायचं नाही. व्हिजिटच्या किमान आठवडाभर आधी अर्धा तास फोनवर बोला आणि जे ठरेल ते ईमेलने परत पाठवून 'बरोबर आहे' असं उत्तर घ्या.

'सगळीकडे रेंज आणि फास्ट नेट हवं' ही गरज नव्हे, ती इच्छा आहे. तिच्यावरून डिझाइन होत नाही. मी एक प्रश्न नेहमी विचारतो: वायफाय बंद पडलं तर सगळ्यात आधी तुम्हाला कुणाचा फोन येईल? रुग्णालयात याचं उत्तर कधी बिलिंग काउंटर असतं, कधी आयसीयूतल्या सिस्टर, कधी मेडिकल स्टोअर. ज्याचा फोन आधी येतो त्याची जागा आणि त्याचं उपकरण डिझाइनच्या केंद्रस्थानी ठेवा.

मग उपकरणांची यादी. कुठलं मॉडेल, किती नग, कुठे वापरतात, फिरत वापरतात की एका जागी, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात का (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायच्या लहरींचे पट्टे). हा शेवटचा मुद्दा सुटतोच. बारकोड स्कॅनर, हजेरीची मशीन, तापमान नोंदवणारे छोटे सेन्सर यांतले बरेचसे ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत. हे आधी कळलं नाही, तर २.४ बंद करून टाकलेलं सुरेख डिझाइन पहिल्याच दिवशी कोसळतं.

यादीतून 'सगळ्यात महत्त्वाचं आणि त्यातलं सगळ्यात कमकुवत' उपकरण निवडा. आपल्या उदाहरणात ते राउंडला नेण्याचा स्वस्तातला टॅब्लेट असेल. सगळं मोजमाप त्याच्या नजरेतून करायचं. तुमच्या लॅपटॉपला जिथे -६५ डीबीएम दिसतं (सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार; दोन मापांतला फरक डीबीत सांगतात), तिथे त्या टॅब्लेटला ५-७ डीबी कमी दिसू शकतं.

आता गरज आकड्यात लिहा. फिरत्या उपकरणांसाठी आणि वायफाय कॉलिंगसाठी सर्वसाधारणपणे असा निकष धरतात: ५ गिगाहर्ट्झवर किमान -६७ डीबीएम सिग्नल, सिग्नल आणि हवेतला गोंगाट यांतला फरक म्हणजे एसएनआर किमान २५ डीबी, आणि चालता चालता एपी बदलावा यासाठी दुसऱ्या एपीचाही सिग्नल -७५ डीबीएमच्या आत. फक्त नातेवाइकांच्या मोबाईलसाठी असलेल्या भागात याहून सैल निकष चालतो. कुठला भाग कुठल्या निकषात हे नकाशावर रंगाने दाखवून मान्यता घ्या.

पडताळा: इंटरनेटची लाइन किती एमबीपीएसची आहे हे आत्ताच विचारा. लाइनच अपुरी असेल तर वायफाय कितीही चांगलं केलं तरी तक्रार तुमच्याच नावावर येईल.

टप्पा २: नकाशा मिळवा आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका

प्रत्येक मजल्याची ऑटोकॅड फाइल मागा, डीडब्ल्यूजी स्वरूपात. नसेल तर आर्किटेक्टकडून आलेली मूळ पीडीएफ. व्हॉट्सअॅपवर येतो तो बहुतेक वेळा भिंतीवर लावलेल्या आग-सुटकेच्या फलकाचा तिरका फोटो. त्याच्यावर डिझाइन करू नका, कारण फोटोत लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडलेलं असतं आणि फलकही अनेकदा प्रमाणात काढलेला नसतो.

नकाशा सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर स्केल लावताना एक चूक सर्रास होते: दरवाजाची रुंदी ९०० मिमी धरून स्केल ठरवतात. माउसने रेघ ओढताना ५० मिमी इकडेतिकडे झालं, की साडेपाच टक्क्यांचा फरक पडला. ६० मीटर लांबीच्या इमारतीत तो ३.३ मीटर होतो, म्हणजे जवळजवळ एक खोली. स्केल नेहमी नकाशावरच्या सगळ्यात लांब माहीत असलेल्या मापावरून लावा, आणि साइटवर ते माप लेझर मीटरने पुन्हा तपासा.

नकाशाबरोबर चार गोष्टी मागा: मजल्यांची उंची, फॉल्स सीलिंगचा नकाशा, सध्याच्या रॅकच्या (नेटवर्कचे स्विच ठेवायच्या कपाटांच्या) जागा, आणि इमारतीत गेल्या काही वर्षांत झालेले बदल. चौथी गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. एका रुग्णालयात माझ्या हातातल्या नकाशावर 'स्टोअर' लिहिलं होतं आणि भिंत साडेचार इंची दाखवली होती. मी कॉरिडॉरमधल्या एका एपीवर पलीकडची ड्रेसिंग रूम सोडली. प्रत्यक्षात त्या स्टोअरची एक्स-रे रूम झाली होती आणि शिशाचं अस्तर बसलं होतं. ड्रेसिंग रूममधल्या सिस्टर नोंद पाठवण्यासाठी दर वेळी दारात येऊन टॅब्लेट वर धरत. मी ती खोली स्वतः उघडून पाहिली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं.

टप्पा ३: कच्चं डिझाइन आधी, व्हिजिट नंतर

बरेच जण उलट करतात: आधी व्हिजिट, मग डिझाइन. मग डिझाइन करताना प्रश्न पडतात आणि उत्तर द्यायला साइट समोर नसते.

म्हणून घरीच, भिंतींना अंदाजी आकडे देऊन, सॉफ्टवेअरमध्ये एक कच्चं मॉडेल उभं करा. एकाहाउ, हॅमिना, आयबीवेव्ह, जे हाताशी असेल ते. भिंत किती सिग्नल खाते याचे अंदाजी आकडे साधारण असे धरता येतात: जिप्सम पार्टिशन ३ डीबी, साधी काच २-३ डीबी, विटांची भिंत ६ ते १० डीबी, आरसीसी १२ ते २० डीबी, लिफ्टची डक्ट त्याहून पुष्कळ जास्त. हे आकडे अंतिम नाहीत. कुठे मोजायचं हे ठरवण्यापुरताच त्यांचा उपयोग.

कच्च्या मॉडेलवर नजर टाका आणि विचारा: कुठल्या भिंतीचा आकडा चुकला तर डिझाइन सगळ्यात जास्त बिघडेल? त्या भिंतींवर खूण करा. कुठल्या एपीच्या जागेबद्दल शंका आहे? तिथे दुसरी खूण. केबलचा रस्ता कुठे दिसत नाही? तिसरी. आठ-दहा खुणांचा हा नकाशा ए-३ कागदावर, मजल्यागणिक एक, छापून घ्या. हीच तुमची व्हिजिटची प्रश्नपत्रिका.

सावध: कच्च्या मॉडेलमधला एपींचा आकडा क्लायंटला सांगू नका. एकदा तोंडातून 'बावीस' निघालं की मोजमापातून अठ्ठावीस आले तरी खरेदीच्या कागदावर बावीसच राहतात.

टप्पा ४: परवानग्या आणि बॅग

परवानगीची यादी नकाशावरूनच काढा: ऑपरेशन थिएटर, आयसीयू, एमआरआय, औषधांचं स्टोअर, अकाउंट्स, गच्ची, इलेक्ट्रिकल रूम. प्रत्येकासाठी कोण दार उघडणार आणि किती वाजता, हे नावानिशी ठरवा. फॉल्स सीलिंगची टाइल उचलली की धूळ पडते, म्हणून रुग्ण असलेल्या खोलीत ती उचलायची की नाही हे तिथल्या सिस्टर ठरवतील, तुम्ही नाही.

सावध: एमआरआयच्या खोलीत लोखंडी शिडी, स्क्रू ड्रायव्हर, ट्रायपॉड यांतलं काहीही घेऊन पाऊल टाकू नका. मशीन बंद दिसलं तरी चुंबक चालूच असतं. शिवाय त्या खोलीला रेडिओ लहरी अडवणारं धातूचं कवच असतं, त्यामुळे बाहेरच्या एपीची रेंज आत जाईल ही अपेक्षाच ठेवायची नाही. तंत्रज्ञाला विचारून बाहेरूनच नोंद घ्या.

एका माणसाची मागणी आवर्जून करा: इमारतीचा जुना वायरमन किंवा मेंटेनन्स बघणारा. आयटीच्या माणसाला स्विच माहीत असतो. कुठल्या शाफ्टमध्ये जागा उरली आहे आणि कुठल्या भिंतीत पाण्याची लाइन आहे हे वायरमनला माहीत असतं.

बॅगेत: लेझर मीटर, छापलेले नकाशे आणि तीन रंगांची पेनं, टॉर्च, सर्व्हेचा लॅपटॉप व मोजणीचं उपकरण, जो बसवणार आहात त्याच मॉडेलचा एक एपी, तो उंच धरायला ट्रायपॉड, एपीला वीज देणारी पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) बॅटरी, पॅच कॉर्ड, चिकटपट्टी, पॉवर बँक. शिवाय त्या 'सगळ्यात कमकुवत' उपकरणासारखाच एक टॅब्लेट.

आदल्या रात्री एपी घरी चालू करून पाहा. चॅनल (पट्ट्यातला ज्या तुकड्यावर एपी बोलतो तो) ठरावीक, त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ, पॉवर ठरावीक. आपोआप बदलणारं सगळं बंद. ऑटो पॉवर चालू ठेवून मोजलेले आकडे फेकून द्यावे लागतात, कारण मध्येच एपीने पॉवर कमी केली की भिंत जाड निघाली हे कळायला मार्ग नसतो.

टप्पा ५: पहिला तास काहीही मोजू नका

पोचल्यावर उपकरणं बाहेर काढायची घाई नको. वायरमनला घेऊन, हातात फक्त नकाशा, सगळे मजले एकदा चाला. नकाशावर नसलेली भिंत, बंद केलेला दरवाजा, नवीन पार्टिशन, लोखंडी कपाटांची रांग, सगळं लाल पेनाने टिपा. सिस्टरना विचारा, मोबाईल कुठे लागत नाही. मामांना आणि मावशींना विचारा, नातेवाईक फोनवर बोलायला कुठे जाऊन उभे राहतात. या दोन प्रश्नांतून इमारतीचे रेडिओसाठी अवघड कोपरे बहुधा पहिल्या वीस मिनिटांत कळतात.

दिवसाचा क्रम इमारतीच्या घड्याळाने लावा. ओपीडीत दहा ते एक गर्दी असते, म्हणून हवेतली वर्दळ तेव्हाच मोजायची. वॉर्डात राउंड उरकल्यावर. ऑपरेशन थिएटर शेवटी, यादी संपल्यावर. रविवारी शांतपणे केलेली व्हिजिट सोयीची वाटते, पण रिकाम्या ओपीडीत मोजलेली हवा सोमवारी उपयोगाची नसते.

टप्पा ६: भिंती मोजा

सगळ्या लेखात हा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, आणि नेमका हाच वगळला जातो.

आधी भिंत ओळखा. बोटाने ठोकून आवाज ऐका. दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजा. प्लास्टर धरून साडेचार इंची आणि नऊ इंची विटांतला फरक तिथे लगेच दिसतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग फॉल्स सीलिंगच्या वर आहे: टाइल उचलून टॉर्च मारा. तिथे बऱ्याचदा प्लास्टर केलेलं नसतं आणि लाल वीट आहे, पांढरट सिपोरेक्स ब्लॉक आहे की सलग काँक्रीट, हे उघड दिसतं. पार्टिशन स्लॅबपर्यंत गेलंय की सीलिंगपाशीच थांबलंय, तेही तिथेच कळतं.

पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच नव्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं काम असतं, ज्याला सगळे मायव्हान म्हणतात. त्यात खोल्यांमधल्या भिंतीही आरसीसीच्या असतात. नकाशावर त्या विटांच्या भिंतीसारख्याच बारीक दिसतात आणि डिझाइन तिथेच फसतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जाड भिंती भेटतात. जांभा पाणी धरतो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते. मे महिन्यात मोजलं असेल तर बाहेरच्या भिंतींना जुलैसाठी थोडी सूट ठेवा.

आता मोजणी. एपी ट्रायपॉडवर, भिंतीपासून पाचेक मीटरवर, आणि मध्ये दुसरी भिंत नको. तुम्ही भिंतीच्या अलीकडे, तिला जवळजवळ लागून उभे राहा आणि अर्धा मिनिट ५ गिगाहर्ट्झवरचा सिग्नल पाहून सरासरी टिपा. समजा -४८ आला. मग पलीकडे जाऊन भिंतीला तसंच लागून, त्याच रेषेत, पुन्हा अर्धा मिनिट. समजा -५७. फरक ९ डीबी, तोच या भिंतीचा आकडा. एपी पाच मीटरवर ठेवायचं कारण असं की अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतही ६ डीबी कमी होतात. एपी भिंतीच्या अगदी जवळ असेल तर पलीकडे जाताना अंतरच दुप्पट होतं, आणि तो तोटा चुकून भिंतीच्या नावावर लागतो.

हे करताना तीन चुका टाळा.

उघड्या दारापाशी मोजू नका. सिग्नल दारातून वळून येतो आणि भिंत कागदासारखी पातळ भासते. दारं बंद करा, आणि तरीही दारापासून दोन-तीन मीटर दूर राहा.

एपी आणि मोजणीचं उपकरण यांच्या मध्ये तुमचं शरीर येऊ देऊ नका. माणसाचं शरीरही काही डीबी खातं. अलीकडे तोंड एपीकडे आणि पलीकडे पाठ, असं झालं तर फरक भिंतीचा की तुमचा हे सांगता येणार नाही.

एका प्रकारच्या भिंतीची एकच मोजणी करून थांबू नका. तीन ठिकाणी मोजा. दोन आकडे जवळ आणि तिसरा लांब आला तर त्या तिसऱ्या जागी भिंतीत काहीतरी आहे: कॉलम, पाइप, टाइल्सच्या मागचं काँक्रीट.

स्लॅबही भिंतच आहे. एपी खालच्या मजल्यावर, तुम्ही बरोबर वर. बाजूची भिंत पातळ आणि स्लॅब जाड असेल तर मजले एकमेकांपासून वेगळे राहतात. स्लॅब पातळ निघाला तर चारही मजल्यांवर एकाखाली एक एपी लावण्याच्या सवयीचा शेवट चॅनलच्या भांडणात होतो.

पडताळा: एक्स-रे, लिफ्ट, जिना, पाण्याची टाकी, किचन, फाइलींच्या लोखंडी रॅकची खोली. यांतलं काही मोजायचं राहिलं का?

टप्पा ७: छत, केबल, रॅक

मॉडेलमधला एपी नकाशावर ठिपका असतो. साइटवर तिथे पंखा असतो, एसीची डक्ट असते किंवा बीम. प्रत्येक प्रस्तावित जागेखाली उभं राहून वर पाहा. ग्रिड सीलिंग असेल तर टाइल निघते. पीओपी असेल तर ट्रॅप डोअर (वर हात घालायचं झाकण) कुठे आहे ते शोधा, नसेल तर तो नवा करावा लागेल आणि रंगकामाचा खर्चही येईल. बीमच्या मागे लपेल असा एपी नको. छताच्या पंख्याशेजारीही नको. पत्र्याच्या सीलिंगच्या वर तर तो लपवायचाच नाही. 'दिसायला बरं नाही, सीलिंगच्या वर ठेवा' ही मागणी हमखास येते. तिचा परिणाम तिथल्या तिथे मोजून दाखवा.

केबलची लांबी नकाशावर सरळ रेषेत मोजणं ही दुसरी नेहमीची चूक. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, त्यातली १० पॅच कॉर्डसाठी धरली तर भिंतीतली ९०. आता पाहा: रॅकपासून कोपऱ्यातल्या वॉर्डापर्यंत सरळ अंतर ५२ मीटर. केबल ट्रेच्या रस्त्याने ७८. रॅकमध्ये खाली आणि एपीपाशी वर-खाली मिळून ७. दोन्ही टोकांना राखीव ३-३ मीटर. एकूण ९१. म्हणजे रॅक हलवा, मध्ये नवा रॅक टाका किंवा एपीची जागा बदला. हा निर्णय साइटवर घेता येतो. केबल ओढल्यावर नाही. रस्ता खरोखर चालून, लेझर मीटरने तुकड्या-तुकड्याने मोजा.

शाफ्टमधून मजला ओलांडताना भोक पाडावं लागलं तर ते आगरोधक मालाने बंद करायचं, हे अंदाजपत्रकात आजच लिहा.

रॅकपाशी: किती पोर्ट मोकळे, हवा खेळते का, अर्थिंग आहे का, चावी कुणाकडे. आणि पीओईचं गणित. २४ पोर्टचा स्विच म्हणून २४ एपी चालतील असं नसतं. त्याच्यावर एकूण पीओई ३७० वॅट लिहिलं असेल आणि एपी २५ वॅट ओढत असेल तर १४ एपी चालतील, पंधरावा चालू होणार नाही किंवा कमी ताकदीने चालेल. एपीला जास्तीत जास्त किती वॅट लागतात ते डेटाशीटवर बघा. पीओईच्या मानकांपैकी ८०२.३एएफ एपीपाशी १२.९५ वॅट पोचवतं, ८०२.३एटी २५.५ वॅट. वीज गेल्यावर हे सगळं किती मिनिटं चालायला हवं, हे विचारून यूपीएसचं माप त्यावर ठरवा. आयसीयूच्या मजल्याचं उत्तर आणि कॅन्टीनचं उत्तर वेगळं असेल.

टप्पा ८: हवेत आधीच कोण आहे

गर्दीच्या वेळी, ओपीडीत, बिलिंगपाशी आणि प्रत्येक मजल्याच्या मध्यावर पाच-पाच मिनिटं थांबून नोंद करा: कुठल्या चॅनलवर किती नेटवर्क, त्यांचा सिग्नल किती, आणि चॅनल किती टक्के व्यग्र. नेटवर्कची संख्या पाहून घाबरू नका. व्यग्रतेची टक्केवारी जास्त बोलकी असते. शेजारच्या लॉजचे दहा राउटर गप्प असू शकतात आणि आपलाच एक सीसीटीव्ही अख्खा चॅनल खात असतो.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ (एकमेकांवर न चढणारे तीन चॅनल) यांखेरीज दुसरं काही चालू दिसलं तर ते कुणाचं आहे शोधा. पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह पाण्याचा कप ठेवून दोन मिनिटं चालवा आणि २.४ वर काय होतं ते पाहा. ५ गिगाहर्ट्झमध्ये, २०१८ च्या अधिसूचनेनंतर, भारतात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतं, म्हणजे २० मेगाहर्ट्झचे वीसहून जास्त चॅनल. तरीही अनेक इमारतींत सगळे एपी ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर, ३६ ते ४८ मध्येच दाटीवाटीने बसलेले सापडतात. रुंदी कमी करून चॅनल पसरले तर जुनंच नेटवर्क सुधारतं, आणि हे अहवालात प्रामाणिकपणे लिहावं. फक्त तुमच्या यादीतली उपकरणं मधले चॅनल, ५२ ते १४४, ओळखतात का हे त्या टॅब्लेटवर लावून बघा.

टप्पा ९: एपी काठीवर लावून अंदाज तपासा

आता कच्च्या मॉडेलमधल्या दोन-तीन जागा निवडा: एक नेहमीचा वॉर्ड, एक सगळ्यात अवघड कोपरा, एक आयसीयू किंवा तिच्यासारखीच जागा. ट्रायपॉडवर एपी शक्य तितका छताच्या उंचीवर, डिझाइनमध्ये धरलेल्याच पॉवरवर चालू करा आणि खोल्याखोल्यांतून चालून मोजा.

इथे पूर्ण पॉवर लावायचा मोह होतो. एपी २३ डीबीएमने ओरडला तर टॅब्लेटला ते लांबून ऐकू येईल, पण टॅब्लेटचा आवाज त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. तो परत पोचणार नाही. रेंज पूर्ण आणि पान उघडत नाही, ही तक्रार बहुधा अशी तयार होते. १२ ते १४ डीबीएमच्या आसपास मोजा.

मोजलेले आकडे आणि मॉडेलचे आकडे शेजारी ठेवा. ३ डीबीपर्यंत फरक असेल तर पुढे जा. ५ डीबीहून जास्त फरक सगळीकडे एकाच दिशेने येत असेल तर भिंतीचे आकडे सुधारा. एकाच खोलीत येत असेल तर तिथे मॉडेलमध्ये नसलेलं काही उभं आहे. दार उघडा आणि बघा.

टप्पा १०: इमारत सोडण्याआधी

बाहेर पडण्याआधी अर्धा तास एका जागी बसा. प्रत्येक फोटोला मजला आणि नकाशावरचा क्रमांक द्या. शंभर फोटो घरी नेऊन 'हा कुठला कॉरिडॉर' असं होण्याची वेळ संध्याकाळीच येते. मग ए-३ वरच्या खुणा एकेक तपासा. ज्या खुणेपुढे उत्तर नाही तिथे पुन्हा जा. दोन तास परत प्रवास करण्यापेक्षा दोन जिने चढणं सोपं.

क्लायंटशी शेवटची भेट वादाच्या जागांवरच करा: पीओपीत ट्रॅप डोअर करायचा का, नवा रॅक कुठे, एपी दिसला तर चालेल का. फोटो दाखवून विचारा आणि ठरलेलं तिथेच मेसेजवर लिहून पाठवा.

त्याच रात्री मॉडेलमध्ये भिंतींचे मोजलेले आकडे भरा. दुसऱ्या दिवशी ओपीडी, वॉर्ड, कॉरिडॉर एकमेकांत मिसळायला लागतात. अहवालात प्रत्येक एपीपुढे क्रमांक, जागेचा फोटो, छताचा प्रकार, कुठल्या रॅकवरून, केबलची चालून मोजलेली लांबी आणि किती वॅट, एवढं असू द्या. केबल ओढणारा तोच कागद हातात घेऊन शिडीवर चढणार आहे. बसवल्यानंतरच्या तपासणीची तारीखही त्याच अहवालात टाका, आणि ती गर्दीच्या दिवशी, दहा ते एकमधलीच असू द्या.